ओढणारी गाडी, मागचं घर आणि मधली तार

हिवाळ्यात जबलपूर–भोपाळ रस्त्यावर शहपुऱ्याच्या आसपास मटाराचा हंगाम जोरात असतो. 'एक जिल्हा एक उत्पादन' योजनेत जबलपूर जिल्ह्याच्या नावावर हिरवा मटारच लागला आहे. गोण्यांनी लादलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या मंडीच्या वाटेला लागतात, त्यातल्या कितीतरी अंधार पडल्यावर. अशा एखाद्या ट्रॉलीमागे काही वेळ गाडी चालवली की एक गंमत दिसते. चालक डावीकडे वळायला इंडिकेटर देतो, पण डावा दिवा पेटत नाही. त्याऐवजी मागची लाल टेल लाइट मंद लुकलुकते. ब्रेक दाबला की सगळेच दिवे अर्धवट पेटतात. 'वायरिंग गेलंय' म्हणून लोक विषय संपवतात. खरं तर वायरिंग शाबूत असतं, गेलेली असते ती परतीची वाट.

ट्रॉलीचे सगळे दिवे आपला करंट एकाच ठिकाणी परत देतात. बहुतेक ठिकाणी ती जागा म्हणजे ट्रॉलीचा लोखंडी सांगाडा, तिथून जोडाची पिन आणि पुढे ट्रॅक्टर. पिनेवर ग्रीस, चिखल आणि गंज साचला की ही वाट बंद होते. मग इंडिकेटरचा करंट टेल लाइटच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो, तिच्या तारेने ट्रॅक्टरपर्यंत जातो आणि पुढच्या पार्किंग दिव्यांतून जमिनीला, म्हणजे बॉडी अर्थला, मिळतो. वाटेतले सगळे दिवे थोडे थोडे पेटतात आणि हवा तो पेटत नाही. ऑटो इलेक्ट्रिशियन याला 'अर्थ मारली' म्हणतो, वेगळी जाड काळी वायर टाकतो आणि पाच मिनिटांत दिवे ताळ्यावर येतात.

गाडीमागे ओढायच्या फिरत्या घराला, म्हणजे कॅम्पर ट्रेलरला वीज द्यायची म्हटलं की प्रश्न हेच राहतात, आकडे तेवढे मोठे होतात. दिव्याला अर्धा-एक ॲम्पियर लागतो, फ्रिजला पाच. दिवा मंद पेटला तरी दिसतो, फ्रिज मंद चालत नाही, तो बंदच पडतो.

आपल्याकडे कॅरव्हॅन म्हटलं की बहुधा एकाच सांगाड्यावर बांधलेली गाडी डोळ्यांपुढे येते. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, आणि अशा स्वयंचलित गाड्यांसाठी एआयएस-१२४ हे भारतीय मानक आहे. मागे जोडायचा ट्रेलर मात्र कायद्याच्या नजरेत वेगळं वाहन आहे. मोटार वाहन कायदा १९८८ त्याची वेगळी व्याख्या करतो, त्याला स्वतःचा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो आणि मागच्या बाजूला ओढणाऱ्या गाडीचा क्रमांकही दाखवावा लागतो. शेतीच्या ट्रॉलीखेरीज ट्रेलर ओढण्याची सवय आपल्या रस्त्यांना कमी. तरी गरज आहे, आणि नर्मदेकाठी ती ठळक दिसते. कार्तिकी एकादशीनंतर परिक्रमा सुरू होते. पायी निघणाऱ्यांच्या जोडीला महाराष्ट्रातून बस, टेम्पो ट्रॅव्हलर आणि स्वतःच्या गाड्या घेऊन निघणारे पुष्कळ असतात. ओंकारेश्वराहून दक्षिण तटाने समुद्राकडे जाऊन उत्तर तटाने पूर्वेकडे परतणारी ही मंडळी शहपुरा ओलांडून भेडाघाट, जबलपूर आणि पुढे अमरकंटककडे जातात. कुणाच्या सोबत इन्सुलिन असतं, कुणाला रात्री उशिरापर्यंत वाचायला दिवा लागतो, आणि मोबाइल तर सगळ्यांकडेच असतात. अशा एका कुटुंबाच्या पिकअपमागे लहानसा ट्रेलर आहे असं धरून पुढचा हिशेब मांडू.

अल्टरनेटर किती देतो

गाडीतली सगळी वीज शेवटी इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणाऱ्या अल्टरनेटरमधून येते. बॅटरी ती साठवते आणि सेल्फ मारताना काही क्षण दोन-तीनशे ॲम्पियरचा जोर लावते. एकेकाळी गाड्यांना डायनॅमो असायचा. इंजिन संथ फिरत असलं की तो जेमतेम दिव्यांपुरता करंट द्यायचा. १९६० मध्ये अमेरिकेत क्रायस्लरने व्हॅलियंट गाडीला अल्टरनेटर सरसकट बसवला आणि पुढे तो सगळीकडे रुळला.

आजच्या पिकअप किंवा मोठ्या एसयूव्हीच्या अल्टरनेटरवर साधारण ९० ते १२० ॲम्पियर असा आकडा असतो. चौदा व्होल्टच्या हिशेबाने ९० ॲम्पियर म्हणजे १,२६० वॉट. आकडा भरघोस वाटतो, पण तो इंजिन वेगात फिरतानाचा असतो. रेल्वे फाटकाजवळ गाडी उभी आहे, हेडलाइट, एसीचा पंखा आणि रेडिएटरचा पंखा चालू आहेत, अशा वेळी मागच्या घरासाठी फारसं काही उरत नाही. मोकळ्या रस्त्यावर मात्र वीस-तीस ॲम्पियर बाजूला काढणं बहुतेक गाड्यांना सहज झेपतं.

आधी गाडी किती व्होल्टची आहे ते पाहावं. कार, जीप, लहान पिकअप आणि ट्रॅक्टर बारा व्होल्टवर चालतात. मोठे ट्रक, बस आणि लष्करी ट्रक चोवीसवर, म्हणजे एकापाठोपाठ जोडलेल्या दोन बॅटऱ्यांवर. जबलपूरला हा फरक सांगायला नको. तिथली व्हेइकल फॅक्टरी १९६९ पासून लष्करासाठी गाड्या बनवते, जोंगा तिथलीच आणि स्टॅलियन ट्रकही. चोवीस व्होल्टच्या गाडीमागे बारा व्होल्टचा ट्रेलर असेल तर मध्ये कन्व्हर्टर बसवावा. अनेकजण तो खर्च वाचवायला दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच बारा व्होल्ट काढतात. म्युझिक सिस्टीमही अशीच जोडलेली असते. त्यामुळे एक बॅटरी रोज उपाशी राहते, दुसरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होते आणि वर्षभरात दोन्ही बदलायची वेळ येते.

सात पिनांत फ्रिजला जागा नाही

गाडी आणि ट्रेलर यांच्यामध्ये वीज नेणारा गोल सॉकेट सात पिनांचा असतो. आंतरराष्ट्रीय मानकातल्या बारा व्होल्टच्या सात पिना अशा: डावा इंडिकेटर, मागचा धुक्याचा दिवा, अर्थ, उजवा इंडिकेटर, उजवी टेल लाइट, ब्रेक लाइट आणि डावी टेल लाइट. यादी इथे संपते. घरातल्या उपकरणांसाठी यात एकही पिन नाही. युरोपात आधी फ्रिज आणि चार्जिंगसाठी दुसरा सात पिनांचा सॉकेट शेजारी आला, नंतर दोन्हींचं काम एकत्र करणारा तेरा पिनांचा. तेरा पिनांच्या सॉकेटमध्ये नववी पिन सतत चालू असते, दहावी गाडीची चावी फिरवल्यावरच चालू होते आणि या दोघींच्या परतीसाठी वेगळ्या पिना आहेत. दिव्यांची आणि घराची परतीची वाट स्वतंत्र ठेवण्यामागे ट्रॉलीवर दिसलेलंच कारण आहे.

ऑस्ट्रेलियात कॅम्पर ट्रेलर ही घरोघरची गोष्ट. अंतरं मोठी, उन्हाळा कडक आणि फ्रिज हवाच. तिथल्या लोकांनी पिनांचा नाद सोडला आणि घरासाठी वेगळा पन्नास ॲम्पियरचा चौकोनी अँडरसन जोड वापरला. आपल्याकडे फोर्कलिफ्टच्या बॅटऱ्यांना तोच जोड दिसतो. त्यात दोन जाड तांब्याच्या पट्ट्या एकमेकींवर दाबून बसतात, त्यामुळे धूळ आणि धक्के सोसतात. सात पिना दिव्यांना आणि वेगळा जाड जोड घराला, ही पद्धत आपल्या रस्त्यांना सगळ्यांत सोयीची आहे.

व्होल्ट वाटेत कुठे जातात

समजा, कुणी टेल लाइटच्या तारेवरून टॅप काढून फ्रिज जोडला. ती तार साधारण एक चौरस मिलिमीटरची असते, म्हणजे वायरमनच्या बोलीत एक एमएमची. बॉनेटखालच्या बॅटरीपासून ट्रेलरमधल्या फ्रिजपर्यंत आठ मीटर आणि परतीचे आठ, असं सोळा मीटर तांबं झालं. एक मीटर लांब आणि एक चौरस मिलिमीटर जाड तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.०१७२ ओहम असतो. सोळा मीटरचा ०.२७५ ओहम झाला. फ्रिज पाच ॲम्पियर घेतो, म्हणून तारेतच सुमारे १.४ व्होल्ट खर्च होतात. बॅटरीवर १२.६ मोजले तर फ्रिजजवळ ११.२ उरतात.

एवढ्यावर फ्रिज कदाचित चालेलही. पण कॉम्प्रेसर सुरू होण्याचा क्षण पाहा. त्या क्षणी तो चालतानाच्या दुप्पट करंट मागतो, तारेतली गळती पावणेतीन व्होल्टवर जाते आणि फ्रिजला दहाच्या खालचा आकडा दिसतो. आतलं संरक्षण सर्किट 'बॅटरी संपली' असं समजून कॉम्प्रेसर तोडतं. टक् असा आवाज येतो, लाल दिवा लुकलुकतो, मिनिटभर शांतता, मग पुन्हा टक्. रात्रभर हेच चालतं. सकाळी दही आंबट झालेलं असतं, आणि मल्टिमीटर लावला तर बॅटरी टवटवीत दिसते, कारण कॉम्प्रेसर बंद असताना करंट वाहत नाही आणि करंट नसला की गळतीही नसते. म्हणून तपासणी नेहमी भार चालू ठेवून आणि उपकरणाच्या टोकाला करायची. बॅटरीच्या टोकाला मोजलेला आकडा फसवतो.

कालव्याच्या शेवटच्या शेतकऱ्याची तक्रार आपल्या ओळखीची आहे. धरण भरलेलं असतं, पण चारी अरुंद असली आणि वाटेत पाझर असला की टेलला पाणी पोहोचत नाही. इथे धरण म्हणजे अल्टरनेटर आणि चारी म्हणजे तार. धरण मोठं करून टेलचा प्रश्न सुटत नाही.

तार जाड केल्यावर काय होतं पाहू. आता फ्रिजऐवजी ट्रेलरमधली बॅटरी चार्ज करण्यासाठी २५ ॲम्पियर न्यायचे आहेत, अंतर तेवढंच. अडीच एमएमच्या तारेत गळती २.७५ व्होल्ट, सहा एमएममध्ये १.१५ आणि सोळा एमएममध्ये ०.४३. सोळा एमएमची तार करंगळीएवढी जाड आणि महाग असते, चेसीखालून वळवताना हात दुखतात. पण दिवसभर पंचवीस ॲम्पियर नेऊन ती थंड राहते. तार फक्त तांब्याची आणि बारीक धाग्यांची घ्यावी. घरातल्या भिंतीतली एकसंध जाड वायर सततच्या हादऱ्यांनी लग्जपाशी तुटते. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त तार दिसायला तशीच असते, पण तिचा रोध दीडपटीहून जास्त.

दुसरी बॅटरी

वीज वापरायची आहे मागे, तर साठाही मागेच हवा. ट्रेलरमध्ये स्वतंत्र बॅटरी बसवली की फ्रिज तिच्यापासून हातभर तारेवर चालतो, कॉम्प्रेसरचा झटका ती सोसते आणि पुढून येणारा करंट तिला सावकाश भरत राहतो. लांबच्या तारेवरचा ताण यातून उतरतो. पण एक धोका उभा राहतो. दोन्ही बॅटऱ्या सरळ जोडलेल्या असतील तर रात्री फ्रिज मागची बॅटरी रिकामी करतो आणि पुढचीही ओढून घेतो. सकाळी गाडी सेल्फ घेत नाही, आणि ट्रेलर जोडलेली गाडी धक्का मारून सुरू करणं सोपं नाही.

यावर जुना उपाय व्होल्टेज पाहून चालणाऱ्या रिलेचा. पुढच्या बॅटरीवर साधारण १३.३ व्होल्ट दिसले, म्हणजे अल्टरनेटर चालू आहे, की रिले दोन्ही बॅटऱ्या जोडतो. आकडा १२.८ च्या आसपास उतरला की तोडतो. साध्या गाडीला आणि साध्या लेड-ॲसिड बॅटरीला हा पुरतो. पण इंधन वाचवण्यासाठी अल्टरनेटरचा व्होल्टेज खाली-वर करणाऱ्या नव्या गाड्यांमध्ये रिले गोंधळतो. बॅटरी भरली असं गाडीच्या संगणकाला वाटलं की तो अल्टरनेटर जवळजवळ सोडून देतो. मागची बॅटरी अर्धी रिकामी आहे, हे त्याला कळायला मार्गच नसतो.

म्हणून आता डीसी-टू-डीसी चार्जर बसवतात. पुढून १२ येवोत की १४, तो ते वाढवून किंवा कमी करून मागच्या बॅटरीला तिच्या जातीनुसार ठरलेला व्होल्टेज देतो. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी घेतली तर हा चार्जर अनिवार्य समजावा. या बॅटरीचा आतला रोध इतका कमी असतो की सरळ जोडल्यास ती अल्टरनेटरची सगळी ताकद एकदम ओढते आणि संथ फिरणारा अल्टरनेटर तापून जळू शकतो. चार्जरची जागा ट्रेलरमध्ये, मागच्या बॅटरीजवळ. मग मधल्या तारेतली थोडी गळती तोच भरून काढतो.

शहपुऱ्याचा मुक्काम

आता कुटुंबाचा हिशेब. जानेवारीची थंडी, ट्रेलर शहपुऱ्याला मुक्कामी. पाच वॉटचे चार एलईडी दिवे पाच तास: १०० वॉट-तास. पाच मोबाइल: ७५. पाण्याचा छोटा पंप: २०. पन्नास वॉटचा फ्रिज थंडीत चोवीस तासांपैकी आठेक तासच चालतो: ४००. बेरीज सुमारे ६०० वॉट-तास, म्हणजे बारा व्होल्टवर ५० ॲम्पियर-तास. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याहून खाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणून १०० ॲम्पियर-तासांची बॅटरी हवी.

हेच कुटुंब मे महिन्यात भेडाघाट पाहायला आलं तर चित्र बदलतं. पारा ४२ च्या पुढे असतो. फ्रिज आठऐवजी चौदा तास चालतो: ७००. पंचवीस वॉटचे दोन पंखे दहा तास: ५००. दिवे, मोबाइल आणि पंप तेवढेच. बेरीज १,४०० च्या घरात, जवळपास ११६ ॲम्पियर-तास. ट्रेलर तोच, माणसं तीच, पण बॅटरी दुपटीहून मोठी लागते. ट्रेलर सावलीत लावणं आणि फ्रिजच्या मागे हवा खेळती ठेवणं यात एका सोलर पॅनेलएवढी वीज वाचू शकते.

भरण्याचाही हिशेब आहे. वीस ॲम्पियरच्या चार्जरला हिवाळ्याचा खर्च भरून काढायला अडीच-तीन तास गाडी चालायला हवी. जबलपूर–भोपाळ एका दमात गेलात तर बॅटरी पूर्ण भरून वर वेळ उरतो. पण परिक्रमेत गाडी तासभर चालते आणि घाटावर दिवसभर उभी राहते. जबलपूर ते शहपुरा एवढ्या टप्प्यात पंधरा-वीस ॲम्पियर-तासच परत मिळतात. चार दिवस असा प्रवास झाला की घर अंधारात जातं आणि दोष चार्जरला दिला जातो. छोटे टप्पे आणि लांब मुक्काम असतील तर गाडीच्या विजेला सोलरची जोड हवी. छतावरचं दोनशे वॉटचं पॅनेल स्वच्छ दिवशी सहा-सातशे वॉट-तास देतं, म्हणजे थंडीचा खर्च जवळजवळ तेवढ्यावरच निघतो.

मिक्सर आणि इंडक्शनचं काय, हा प्रश्न हमखास येतो. साडेसातशे वॉटचा मिक्सर इन्व्हर्टरवर लावला तर बॅटरीतून सत्तर ॲम्पियरच्या आसपास करंट जातो. चटणीपुरती दोन मिनिटं चालेल. दोन हजार वॉटचं इंडक्शन दीडशेहून अधिक ॲम्पियर मागतं. तिथे गॅसची शेगडीच बरी. उष्णता निर्माण करणारं कोणतंही उपकरण बॅटरीवर परवडत नाही, हा नियम लक्षात ठेवला तर अर्धी खरेदी वाचते. जुन्या कॅरव्हॅनमधला शोषण पद्धतीचा फ्रिजही याच नियमात बसतो. १९२२ मध्ये स्वीडनच्या फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोघा विद्यार्थ्यांनी तो शोधला. त्यात कॉम्प्रेसर नाही, उष्णतेनेच थंडावा तयार होतो. गॅसवर तो उत्तम चालतो, पण बारा व्होल्टवर दहा-पंधरा ॲम्पियर सतत पितो. असा फ्रिज गाडी चालू असतानाच विजेवर ठेवावा.

फ्यूज कुणाला वाचवतो

फ्यूज उपकरणाला वाचवतो असा समज आहे. तो वाचवतो तारेला. चेसीच्या कडेवर घासून तारेचं आवरण फाटलं आणि तांबं लोखंडाला टेकलं की बॅटरी शेकडो ॲम्पियर ओतते. तार लाल होते, प्लास्टिक पेटतं आणि शेजारी डिझेलची नळी असते. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा, कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधला तुकडा कायम असुरक्षित राहतो. लांब तारेच्या दोन्ही टोकांना बॅटरी असेल तर फ्यूजही दोन्ही टोकांना लागतो. तार मध्ये कुठेही टेकली तरी करंट दोन्ही बाजूंनी धावतो, आणि एक फ्यूज उडाल्यावर दुसरी बॅटरी आग लावायला मोकळी राहते. हा दुसरा फ्यूज सर्वांत जास्त वेळा विसरला जातो.

धर्मशाळेत किंवा ढाब्यावर २३० व्होल्ट घ्यायचे असतील तर ती वायर बारा व्होल्टच्या तारांपासून वेगळ्या पाइपातून न्यावी. आत येताच तीस मिलिॲम्पियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट अर्थला गळताच वीज तोडणारा स्विच, बसवावा आणि ट्रेलरचा सांगाडा अर्थला जोडावा. ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून ट्रेलरच्या दाराला हात लावणाऱ्या माणसाचा जीव त्यावर अवलंबून असतो.

वायरमनला काय सांगायचं

वायरमनकडे जाताना उपकरणांची यादी, प्रत्येकाचे वॉट आणि चालण्याचे तास कागदावर लिहून न्यावेत. दिव्यांचं काम पहिलं, कारण ट्रेलर आडवा आला की गाडीचे स्वतःचे दिवे मागच्याला दिसत नाहीत. दिव्यांची अर्थ वेगळ्या तारेने पुढपर्यंत न्यायला सांगावं, हुकावर भिस्त नको. मग मागची बॅटरी, मग चार्जर आणि जाड तार, आणि या सगळ्यानंतर फ्रिज. दुकानात क्रम नेमका उलटा होतो: आधी फ्रिज पसंत पडतो, आणि उरलेल्या पैशांत तार येते. चांगल्या वायरिंगचा खर्च फ्रिजच्या तोडीस तोड गेला तर कुरकुरू नये. फ्रिज बिघडला तर बदलता येतो. चेसीखालची पातळ तार बदलायची म्हणजे सगळं घर उघडावं लागतं.

काम झाल्यावर पैसे देण्याआधी इंजिन बंद ठेवून फ्रिज, दिवे आणि पंप एकदम चालू करायला लावावेत आणि फ्रिजच्या प्लगमध्ये मल्टिमीटर धरावा. बारापेक्षा खाली आकडा गेला तर कुठेतरी जोड ढिला आहे किंवा तार बारीक आहे. अर्ध्या तासाने तारेवर आणि प्रत्येक जोडावर हात फिरवावा. एखादा जोड हाताला गरम लागला तर तो तिथेच उघडून पुन्हा क्रिम्प करायला सांगावा. नर्मदेकाठच्या कच्च्या रस्त्यावर, रात्री, टॉर्चच्या उजेडात तोच जोड शोधायचा म्हटलं तर अर्धा दिवस जातो.